त्याच्या हातचा फोटो

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात ती केवळ माझ्या ह्या वर्गमित्राला लोकांशी ओळख काढता यावी म्हणून, अशी माझी पक्की समजूत आहे. एक्स-रेच्या कोर्सला आम्ही एका बाकावर बसायचो. हाडांची इंग्रजी नावं मी झोपेतही बिनचूक म्हणायचो. हा पठ्ठ्या तोंडी परीक्षेत खांद्यामागच्या हाडाला खुशाल ‘फरा’ म्हणाला. पहिला नंबर अर्थातच माझा आला. पुढे मुरुडच्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही दोघेही शिकाऊ म्हणून लागलो. तिथे कायमची जागा एकच होती, आणि ती माझीच, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तो बोर्ली पंचतनचा. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरेपर्यंत चार जणांच्या गुडघ्यांची आणि दोघांच्या कंबरेची चौकशी करून झालेली असायची. डब्यातला बांगडा असा निगुतीने खायचा की काटा अखंड उरायचा, आणि मग त्या काट्यावर तो शिपायाला पाठीचे मणके शिकवायचा. शिपाई मला कधी काही विचारायला आला नाही. मोडलेल्या हाताला हात लावण्याआधी हा त्या माणसालाच विचारायचा, कसं धरलं की कमी दुखतं. बाईमाणसाला दिवस गेलेत का, हे विचारायच्या आधी बरोबरच्यांना चहाला पिटाळायचा. मी तोच प्रश्न दारातूनच खणखणीत आवाजात विचारायचो. एका फोटोला त्याला माझ्या दुप्पट वेळ लागायचा, तरी लोक त्याच्यासाठी खोळंबून बसायचे आणि मी मोकळा.

एकदा एक कोळीण छातीचा फोटो काढायला आली. मंगळसूत्र काढा म्हटलं तर ती ऐकेना. नवरा होडी घेऊन समुद्रात गेलेला, तो किनाऱ्याला लागेपर्यंत ते उतरवायचं नाही म्हणे. मी तिला नियम ऐकवला आणि परत पाठवलं. ह्याने तिला पायरीवरून माघारी आणलं.

“मावशी, उतरवू नको. दातात धर नि श्वास रोख,” एवढंच तो म्हणाला.

फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांना सगळा प्रकार कळला आणि जागा त्याला मिळाली. मी जळफळलो, खोटं कशाला सांगू?

वर्षभरात तो भावाकडे मस्कतला गेला आणि ती जागा माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात एक आजी दुखऱ्या खुब्याचा फोटो काढायला आली. पडलीबिडली नव्हती, पण टेबलावर भीतीने सगळं अंग आखडून घेतलेलं.

“तो बोर्लीचा न्हाय काय? मंग तो येल तवा काढू,” म्हणत ती उतरायलाच लागली.

शेवटी मी मुकाट्याने त्याला फोन लावला आणि तिच्या उशाशी ठेवला. त्याने मस्कतहून तिच्या नातवंडांची, भातशेतीची विचारपूस केली, बोलता बोलता पायाची बोटं जराशी आत वळवायला सांगितली. आजीचं अंग सैल पडलं. मी आडोशाला जाऊन बटण दाबलं. खुब्याचा इतका चांगला फोटो माझ्या हातून आजवर निघाला नव्हता, आणि डॉक्टरांनी शाबासकी दिली तीही मलाच.

फोन ठेवण्याआधी मला त्याला विचारायचं होतं की परत कधी येतोस. पण तो अजून आजीशीच बोलत होता.