मागल्या दारावरची फेरी

लाँड्रीत दिवसभर उभं राहणाऱ्या इस्त्रीवालीने नवस केला होता: त्या जुन्या चर्चची फेरी अनवाणी पुरी करीन, पण माझ्या माणसाला पायांवर उभं कर. नवरा गवंडी. त्याच चर्चच्या मनोऱ्याला गिलावा करताना परांचीवरून पडला, तो खाटेलाच खिळला.

वाट चर्चच्या दारातून निघे, वस्तीच्या मागून जाई, आणि टेकडीला वळसा घालून पुन्हा त्याच दाराशी येई. मध्येच वाट सोडली की फेरी मोडली. मग पुन्हा पहिल्यापासून.

आज ती फेरीला निघाली होती. सोबत मोठी नणंद होती, हातात जपमाळ आणि तोंडाला उसंत नाही.

"पाय उचल गं! चादरीवर इस्त्री फिरवल्यासारखी काय सरकतेस?"

"ताई, मला श्वास घ्यायला होईना, आणि तुम्हाला बोलायला दम उरतो तरी कसा!"

ऊन तापलं होतं. टाचेला भेग पडून रक्त आलं होतं. वस्तीच्या मागे वाट इस्त्रीवालीच्याच मागल्या दारावरून जात होती. तिथे तिला खोकला ऐकू आला. मग नवऱ्याचा घोगरा आवाज, "पाणी..." त्याच्यापाशी बसायला येते म्हणालेली शेजारीण आलेली दिसत नव्हती.

"थांबू नकोस," नणंद हळूच म्हणाली. तिचा तो भाऊ होता. "त्याच्याचसाठी चालतेस ना?"

खोकला पुन्हा आला. इस्त्रीवालीने कडी काढली.

तांब्या खाटेखाली कलंडला होता. तिने त्याची मान हातावर घेऊन पाणी पाजलं. त्याची नजर तिच्या पायांवर गेली.

"फेरी?"

"मोडली." ती तिथेच जमिनीवर बसली. रडायचंही त्राण नव्हतं. "आता मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायला जीव नाही हो माझ्यात. रजाही आजच्यापुरतीच."

गवंड्याने बोटाने हवेत गोल काढला. "विहिरीचा कठडा बांधताना पहिली वीट कुठेही ठेवतो आम्ही. गोलच तो. इथनं निघ, इथंच ये. चर्च वाटेत लागेलच."

"आणि तुमच्यापाशी कोण?"

नणंदेने उंबरा ओलांडला. माळ खुंटीला लावली. "मी. ऊठ आता."

"ताई, तुमची फेरी?"

"मोडू दे. माझे पाय धडधाकट आहेत, पुढच्या वेळी चालीन. तू निघ, नाहीतर अंधार करशील."

ती निघाली. टेकडीवर दोनदा बसली. चर्चच्या दाराशी न थांबता नुसती क्रूसाची खूण केली, कारण थांबली असती तर पुन्हा उठली नसती.

दिवे लागले तेव्हा ती मागल्या दारात टेकली. नवरा खाटेवरच होता. नणंदेने तिचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवले.

"झाली?" त्याने विचारलं.

"झाली." तिने फेरीची शेवटची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावरच तिचा डोळा लागला. उरलेली नणंदेने म्हटली.