बरंवाईट

‘बरंवाईट’ या शब्दावर माझा राग आहे. कुणी जिवाचा घात करील अशी धास्ती वाटली की आपली माणसं म्हणतात, काही बरंवाईट करून घेईल. त्यात बरं काय असतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

निजामाचं राज्य असताना मी आणि माझा एक मित्र औरंगाबादला कॉलेजात होतो आणि एका खोलीत राहत होतो. मी जाफराबादचा, तो हसनाबादचा. घरी मराठी, वर्गात सगळं उर्दूतून. मी दडपून काहीबाही बोलायचो, वर्ग हसायचा, मीही हसायचो. त्याचं तसं नव्हतं. एकदा उत्तर देताना त्याची जीभ अडखळली, पोरं हसली, आणि पुढची दोन वर्षं त्यानं वर्गात तोंड उघडलं नाही. इंटरला तो नापास झाला. मी काठावर सुटलो.

त्या उन्हाळ्यात गावी जाताना मी वाटेत त्याच्या घरी उतरलो. सुतकाच्या घरी यावीत तशी माणसं बसायला येत होती. कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे नजर लागली. एकानं तर त्यालाच विचारलं, "मंग सायब, पुढं शिकायला हैदराबादला कव्हा निघाले?" तो भिंतीला टेकून मुकाट ऐकत होता. एकेकाला धरून बाहेर काढावं असं मला वाटत होतं.

वडील नव्हते, थोरल्या भावानंच त्याला वाढवलं होतं. भावानं मला गोठ्यामागं नेलं. "बराबर जेवून न्हाई राह्यला. झोपून न्हाई राह्यला. काही बरंवाईट करून घेईल, ध्यान ठिवा. पण त्याच्यापुढं त्या गोष्टीचं नाव बिलकुल काढू नका. नाव काढलं की डोक्यात भरतं."

मी मोठा हुशार. इंटर पास. संध्याकाळी शेताकडं जाताना मी त्याला विचारलं, "तू काही बरंवाईट तर करणार न्हाईस ना?"

"न्हाई," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. घरी परतल्यावर त्यानं मला स्वतःचा उर्दूचा शब्दकोश दिला. एरवी त्या कोशाला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. "ठेव तुला. मला आता कशाला?" मी गाढवानं तो पिशवीत टाकला, वर खूशही झालो.

सकाळी मी छकड्यात बसलो. भोकरदनच्या वाटेवर पिशवी मांडीवर होती, कोशाचा कोपरा टोचत होता, आणि एकदम माझं डोकं सणकलं. मी त्याला विचारलंच कुठं होतं? ‘न्हाईस ना’ म्हणून मीच उत्तर त्याच्या तोंडात घातलं होतं. मला ‘न्हाई’ ऐकायचं होतं, त्यानं ते ऐकवलं. छकडेवाल्याला थांबवून मी उन्हातून पायी माघारी आलो.

तो ओसरीवर एकटाच बसला होता. मी पाणीसुद्धा न पिता विचारलं, "तुला मरायचंय का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हो," म्हणाला. "तुला कसं कळलं?"

पुढं काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. मी नुसता बसलो आणि तो बोलत गेला. दोन वर्षांत एवढं बोलणं त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. नापास होण्याची गोष्ट त्यात फार थोडी होती. "तिथं माझी जबान चालत न्हाई, अन् इथं मला आता बैल जुंपता येत न्हाई. मी कुठला रे?"

"मला न्हाई माहीत," मी म्हणालो. "पण आज मी जात न्हाई."

मग भावाला गाठून मी सगळं सरळ सांगितलं. त्यानं माझ्यावर हात उगारला. "असलं तोंडातून काढता? शिकलेले ना तुमी?"

"तो जे बोलला तेच सांगतोय," मी ओरडलोच. "मी चार दिवसांनी जाणार. घरात तुम्ही आहात. तुम्ही विचारा."

हात खाली आला. "मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण पाठ फिरवून उभा राहिला. मला त्याची दया यायला हवी होती. संतापच येत होता. मित्र पुढं म्हातारा होईस्तोवर जगला, म्हणून आज मी हे लिहू शकतो. पण त्या दुपारी मला ते ठाऊक नव्हतं, आणि ही माणसं एका शब्दाला घाबरून बसली होती.

शेवटी भाऊ ओसरीवर गेला. मी अंगणातच थांबलो. त्यानं आधी विचारलं, जेवलास का. मग विचारलं, बैलांना पाणी दावलं का. मी दातओठ खात उभा. मग खांबाकडं बघत तो म्हणाला, "तुला मरायचंय का रे?"



"दादा, तू आधी खाली बस," धाकटा म्हणाला. "मंग सांगतो."