स्वयंपाकघराच्या भिंतीला आवळलेला ग्राइंडर

माझा धार लावायचा ग्राइंडर चालू होता, तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी फुटलं. मी स्विच बंद करून स्वयंपाकघरात गेलो. माझी बायको सुधा फरशीवर बसली होती. समोर लोणच्याची बरणी फुटलेली, तेल पार सिलिंडरपर्यंत गेलेलं. बरणी तिच्या आईची, सांगलीहून आणलेली. ग्राइंडरच्या थरथरीने भिंतीवरच्या फळीवरून सरकत सरकत ती खाली आली होती. सुधा खाली मान घालून तुकडे वेचत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ती लेकीकडे नागपूरला गेली. "चार दिवस जाऊन येते," म्हणाली, त्याला दोन महिने होत आले. लेक इथे लखनौतच वाढलेली. ती फोनवर सांगायची, "पापा, मम्मी का मन लग गया है यहाँ. कितनी शांति है!"

इथे जानकीपुरमच्या घरात मी सवयीने दोन कप चहा टाकायचो आणि दुसरा गार झाला की ओतून द्यायचो. मला सुधा परत हवी होती. पण कोणत्या तोंडाने बोलावणार? आधी ती थरथर घालवायला हवी होती.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला मेकॅनिकल इंजिनिअर. घराच्या मागच्या खोलीत माझं हत्यारांचं बस्तान आहे. बेंच ग्राइंडर म्हणजे टेबलावर बसवलेली मोटर आणि तिच्या दोन्ही टोकांना धार लावायची दगडी चाकं. चाक नीट गोल नसेल किंवा एका बाजूला जड असेल, तर सगळं यंत्र थरथरतं.

आधी दोन्ही चाकं काढून नुसती मोटर चालवली. मस्त चालली. म्हणजे बेअरिंग ठीक, दोष चाकांत. मग चाकं परत चढवून ड्रेसिंग केलं. फिरत्या चाकावर एक कठीण हत्यार हलकेच धरून त्याचे उंचवटे काढायचे, याला ड्रेसिंग म्हणतात. हाताला फरक लगेच जाणवला. पण फळी तर भिंतीपलीकडे होती. मी शेजारच्या श्रीवास्तवजींना बोलावलं.

"भाईसाहब, आप स्विच पर रहिए. मैं किचन में जाता हूँ."

"ऑन करूँ?"

"करिए!"

फळीवरचे स्टीलचे डबे खणाखणा वाजायला लागले. इतकी वर्षं ग्राइंडर चालवला, पण तो चालू असताना मी स्वयंपाकघरात कधी उभाच राहिलो नव्हतो. सुधा हे ऐकत पोळ्या लाटायची.

भिंतीला हात लावला आणि डोक्यात प्रकाश पडला. आम्हा रेल्वेवाल्यांना एकच ठाऊक. हलतंय? आवळा! सुरुवातीला टेबल हलत होतं, म्हणून मी ते लांब बोल्ट घालून भिंतीला आवळलं होतं. टेबल गप्प झालं, मी खूश. थरथर मात्र भिंतीतून थेट सुधाच्या फळीत जात होती.

बोल्ट काढले. टेबल वीतभर पुढे ओढलं, पायांखाली जाड रबर घातलं आणि खालच्या कप्प्यात वाळूची पोती ठेवली. वजन वाढलं की हलणं कमी होतं. मग फळीवर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवून श्रीवास्तवजींना पुन्हा स्विच दाबायला लावला. मोटरची घरघर येत होती, पाणी मात्र ढिम्म हललं नाही.

"तो अब भाभीजी को बुला लीजिए," श्रीवास्तवजी म्हणाले.

मी व्हिडिओ कॉल लावून सुधाला ग्लास दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं.

"छान केलंत," ती म्हणाली. मग फोन जवळ घेऊन, "अहो, इथे फार शांत असतं. सकाळी डबे वाजत नाहीत, मग तुम्ही घरात काय करताय तेच कळत नाही."

मी लगेच म्हणालो, "मग ये ना."

"येईन, कैऱ्या आल्या की. पण लोणचं घालायला बरणी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी चिनहटला, इथल्या कुंभारांच्या वस्तीत, जाऊन बरणी घेऊन आलो. कुठलीही वस्तू भिंतीला आवळण्याआधी भिंतीपलीकडे जाऊन यावं, एवढं मी शिकलो. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

हल्ली धार लावायला काही नसलं तरी सकाळी ग्राइंडर थोडा चालवतो. मग जाऊन फळी बघतो. बरणी जागची हललेली नसते. रिकामी असते. दारावर सब्जीवाला आला की विचारतो, "भैया, कच्चे आम कब आएँगे?"

"बाबूजी, रोज पूछते हैं आप," तो म्हणतो. "अभी तो बौर आया है, फूल ही फूल."