अजून बटाटा शे

नानांच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारून घरी जावं, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेथखाली पुन्हा घोट्याएवढा भुसा साचलेला असतो. किश्श्यांचंही तसंच आहे. आपण काही गोळा करायला जात नाही, ते आपोआप साचतात. माझी बायको म्हणते, "घरी येताना कपड्यांवरचा भुसा झटकून येता, तशा गोष्टीही तिकडेच झटकून येत जा." पण गोष्टी झटकल्या जात नाहीत, काय करणार!

नाना म्हणजे जळगावच्या बाजारामागच्या गल्लीतले जुने खरादी. मूळचे शिरपूरकडचे, त्यामुळे बोलणं अजून पक्कं अहिराणी: 'आहे'चं 'शे', 'झाला'चं 'व्हयना', 'बसला'चं 'बसना'. लाटणी, पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब हे त्यांचं रोजचं काम. पण नानांचं खरं नाव आहे ते लाकडी गोळ्यांसाठी. आणि मी कोण? पाइपांचे जोड करणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. माल हातात घ्यायचा, मापायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा. रिटायर झालो आणि महिन्याभरातच बायको माझ्या हातातल्या टेपकडे बघून म्हणाली, "आता पोळ्या मोजू नका."

*

नानांकडे पहिल्यांदा गेलो तो जिन्याच्या कठड्याला एक गोळा हवा म्हणून. नाना लेथवर लाकूड फिरवत होते. आधी नळकांडं केलं, जेवढी जाडी तेवढीच लांबी. मग दोन्हीकडचे कोपरे उडवले, मग त्या कोपऱ्यांचे कोपरे. मधूनमधून पीव्हीसी पाइपची एक कापलेली रिंग त्यावर टेकवून बघायचे, कुठून उजेड येतो का.

मी म्हणालो, "नाना, जिग कुठंय?"

"ती काय शे?"

मी समजावलं. पटाशी अडकवायचं एक लोखंडी साधन असतं, ते नेमक्या वर्तुळातच फिरतं, मग गोळा चुकूच शकत नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळा काढून आडवा केला. दोन लाकडी वाट्यांमध्ये धरून पुन्हा फिरवला. आता गोळ्याभोवती धुरकट सावली दिसायला लागली. जिथं लाकूड जास्त, तिथं सावली. "सावली कापा, लाकूडले हात लावू नका," नाना म्हणाले. आणि ती सावली खरोखर हळूहळू नाहीशी झाली.

माझ्यातला तपासनीस काही गप्प बसेना. खिशातून व्हर्निअर काढलं. एका बाजूनं अर्धा मिलीमीटर जास्त! मी विजयी मुद्रेनं आकडा सांगितला. नानांनी डोळे मिटले, गोळा दोन्ही तळव्यांत फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. "आठे शे." मी मोजलं. बरोबर तिथंच होता.

"मी बी तेच सांगणार व्हतू," नाना म्हणाले. "अजून बटाटा शे."

त्या दिवशी कठड्याचा गोळा राहिला बाजूला, मी शिकायलाच बसलो.

*

आता नानांची पद्धत सांगतो. गिऱ्हाइकाला द्यायजोगा गोळा झाला, तर नाना म्हणतात, "चालस." म्हणजे चालेल. नाही झाला, तर "बटाटा शे." 'गोल' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडातून कुणी ऐकलेला नाही. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अक्कांनीही नाही. मी अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ, लग्नाला पन्नास वर्षं झाली. मला अजून 'चांगली शे' म्हटलं नाही, तुमच्या गोळ्याचं काय घेऊन बसलात?"

पण मी घेऊन बसलो ना! नानांच्या तोंडून माझ्या गोळ्याला एकदा 'गोल' म्हणवून घ्यायचं, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

*

रविवारी आम्ही तिघं शिष्य जमतो. मी, हिरालाल शेठ आणि दातांच्या डॉक्टर मॅडम. वय धरलं तर तिघांची बेरीज दीडशेच्या वर जाते, तरी नाना "पोरं ऊनात", म्हणजे पोरं आली, असं म्हणूनच अक्कांना चहा टाकायला सांगतात.

मॅडमचा हात मुळात बारीक कामाचा. पण सवय जाते कुठं? पटाशी टेकवण्याआधी लाकडाला म्हणतात, "दुखलं तर हात वर करा." एकदा त्यांनी वाट्यांची पकड जरा सैल ठेवली. लेथ सुरू झाला, गोळा सुटला आणि दारातून थेट रस्त्यावर. समोरून रिक्षा चालली होती. टप्पा खाऊन गोळा मागच्या सीटवर जाऊन बसला आणि रिक्षा निघून गेली. आम्ही सगळे दारात उभे.

अर्ध्या तासानं रिक्षावाला परत आला. गोळा नानांच्या हातात देत म्हणाला, "हे स्टेशनपर्यंत आलं होतं. उतरायचं नाव घेईना."

नानांनी डोळे मिटले, गोळा फिरवला. "बटाटा शे."

रिक्षावाला घाबरला. "नाना, मी नुसता आणून दिलाय हो."

*

हिरालाल शेठ म्हणजे डाळ मिलवाले. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आता अस्सल जळगावकर, वांग्याचं भरीत आमच्यापेक्षा तिखट खातात. त्यांच्या मिलमध्ये गोल दाणे आणि फुटके दाणे वेगळे करतात ते घसरणीवरून सोडून. गोल दाणा पळतो, फुटका रेंगाळतो. शेठ म्हणाले, "नाना, बोटांनी काय ठरवायचं? विज्ञान आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी काचेची लांब फळी आणली, पाणसळीनं तपासून लावली, एक टोक उचललं आणि आपला गोळा वरून सोडला. गोळा नाकासमोर सरळ गेला. पुन्हा सोडला, पुन्हा सरळ. शेठ नानांकडे असे बघायला लागले, की आता नाना उठून शाल घालणार.

नानांनी शेजारच्या ढिगातून एक लाटणं उचललं आणि फळीवर सोडलं. तेही नाकासमोर सरळ गेलं.

"सरळ जास म्हणीसन गोळा व्हस का?" नाना म्हणाले. शेठनी फळी रिक्षात घालून घरी नेली. ती आता त्यांच्या देवघराच्या कपाटाला लागली आहे.

*

माझी फजिती सांगितली नाही, तर मॅडम आणि शेठ मला सोडणार नाहीत. एकदा घरी सराव करताना माझी पाइपची रिंग सापडेना. गोळा नेमका शेवटच्या टप्प्यावर. बायकोनं आंघोळीला जाताना सोन्याची बांगडी काढून ठेवली होती. बरोबर मापाची. म्हटलं, जळगावचं सोनं, याहून चांगलं माप कुठं मिळणार? दोन तास बांगडी टेकवून टेकवून गोळा केला. सगळीकडून चिकटून बसत होती, कुठून उजेड नाही.

नानांनी गोळा हातात घेतला आणि पहिल्यांदाच हसले. "चौधरीभाऊ, हाऊ तं बटाटा बी नही."

घरी येऊन बांगडी मोजली. अठ्ठावीस वर्षं हातात राहून ती मनगटासारखी चपटी झाली होती. मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं तो गोळा हातात घेतला, बांगडी त्यावर चढवून पाहिली, म्हणाली, "चला, अठ्ठावीस वर्षांनी का होईना, माझं माप बरोबर घेतलंत." गोळा आता टीव्हीवर ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवते.

*

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. जुन्या कारखान्यात ओळखी होत्याच. ड्रॉइंग काढलं आणि लोखंडी जिग बनवून आणली. रविवारी सगळ्यांसमोर लेथवर बसवली आणि पंधरा मिनिटांत गोळा. व्हर्निअर कुठूनही लावा, एकच आकडा. शेठनी टाळ्या वाजवल्या. मी गोळा नानांच्या हातात दिला.

नानांनी डोळे मिटले. फिरवला. खूप वेळ फिरवला. बोट कुठंच थांबलं नाही. मी मनात म्हटलं, आला, शब्द आला.

नानांनी डोळे उघडले. "हाऊ तं लोखंडनी करा," ते शांतपणे म्हणाले, म्हणजे हा तर लोखंडानं केला. "तुमना कोठे शे?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या कामावर शिक्के मारले. रिजेक्टचा शिक्का बसला की माणूस कसा उभा राहतो, हे मी हजारदा बघितलं होतं, पण तिथं उभं राहून कधी बघितलं नव्हतं. सोमवारी जाऊन जिग काढली. अक्का म्हणाल्या, "टाकू नका भाऊ, जड शे, कामाला येईल." उडदाचे पापड लाटताना त्यांचा पाट डुगडुगत असे. आता डुगडुगत नाही.

मी पुन्हा पाइपची रिंग आणि सावली यांवर आलो. वर्षभर. ढीगभर बटाटे केले. मध्येमध्ये 'चालस' मिळायला लागलं. पण ते मला पुरेनासं झालं होतं.

*

आता गेल्या वर्षीची गोष्ट. चोपड्याकडच्या एका गावाचा देवाचा रथ आहे. त्याच्या कठड्याचे आठ गोळे नवे करायचे होते, सागवानाचे. काम नानांकडे आलं. देवाचं काम म्हणून नाना एका गोळ्याला दोन दोन दिवस घेत होते. सात झाले. आठव्याचा ठोकळा लेथवर चढवला आणि चिरला. त्यात नानांचा मोतीबिंदू एवढा वाढला, की डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकलायचं नाही म्हणून सांगितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, वर पट्टी. दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. वर ताकीद, महिनाभर लेथजवळ फिरकायचं नाही, भुसा डोळ्यात जाता कामा नये.

रथ तीन दिवसांवर आला होता. गावाहून माणूस येऊन बसलेला. अक्का माझ्याकडे बघायला लागल्या, मी मॅडमकडे, मॅडम शेठकडे आणि शेठ पुन्हा माझ्याकडे.

नाना खाटेवरून म्हणाले, "चौधरीभाऊ, करा तुमी. मी चाचपीसन दखसू. बटाटा व्हयना तं सातवर भागाडूत. देवले मी बटाटा देत नही." म्हणजे माझा बटाटा झाला, तर रथ सात गोळ्यांवरच निघणार.

मी दोन दिवस घरी जेवायलासुद्धा गेलो नाही, बायको डबा पाठवत होती. सागवानाचा उरलेला एकच तुकडा होता, त्यात मध्ये एक जाड काळी रेघ. नळकांडं केलं, कोपरे उडवले, रिंग टेकवली, आडवा केला, सावली कापली. पुन्हा आडवा केला, पुन्हा सावली. आठव्यांदा आडवा केला तेव्हा सावली दिसली नाही. मी लेथ बंद केला.

आठही गोळे टोपलीत घालून नानांच्या खाटेवर नेले. मॅडम होत्या, शेठ होते, गावचा माणूस होता. अक्का चहाची कपबशी हातात घेऊन दारात थांबल्या. नानांनी काळा चष्मा सारखा केला आणि एकेक गोळा तळव्यात फिरवायला सुरुवात केली. पहिला ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा हातात गेला तो काळ्या रेघेचा, माझा. फिरवला, फिरवला आणि दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. चौथा, पाचवा. सहाव्याला बोट थांबलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच बोट थांबलं. उरलेले दोन चाचपले, आणि सहावा उचलून माझ्यासमोर धरला.

"हाऊ तुमना शे. अजून बटाटा शे." मग बाकीच्यांवरून हात फिरवत म्हणाले, "बाकीना सात गोल शेतस."

काळी रेघ खाटेवर सगळ्यांना दिसत होती, एका नानांना सोडून. शेठनी तोंड उघडलं, मॅडमनी त्यांचा दंड धरला. अक्का माझ्याकडे एकटक बघत होत्या.

मी म्हणालो, "बरं नाना, करून आणतो."

बाहेर दुकानात जाऊन नानांचा गोळा वाट्यांत बसवला आणि लेथ सुरू केला. पटाशी भिंतीला होती, ती तिथंच राहू दिली. दहा मिनिटं गोळा नुसता फिरवला, मी स्टुलावर बसून राहिलो. मग उतरवला, पंच्यानं पुसला आणि आत नेऊन नानांच्या हातात दिला.

नानांनी तो तळव्यात घेतला, सावकाश फिरवला. एकदा उलटा फिरवला.

"आते व्हयना," ते म्हणाले, म्हणजे आता झाला. मग माझा हात चाचपडत शोधला आणि त्यावर थोपटलं. "चौधरीभाऊ, हात बसना तुमना."