ओढ्याकाठच्या गवताची पट्टी आणि आमची पहिली सहल

लग्नानंतर आमच्या बरोबरची जोडपी महाबळेश्वरला गेली. मला सांगोल्याला नेण्यात आलं. बहात्तरचा दुष्काळ सरून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि हे सोलापुरात माती तपासायच्या नोकरीला नवीनच लागले होते. एक दिवस कचेरीतून आले आणि म्हणाले, "सांगोल्याकडं तीन दिवसांचं काम निघालंय. येतेस? हवा छान असते." मी बार्शीच्या धान्याच्या अडत्याची मुलगी, बार्शी आणि सोलापूर यापलीकडं काही पाहिलेलं नाही. लगेच पिशवी भरली. यांचं सामान म्हणजे एक फावडं, जमिनीत भोक पाडायचं हातभर लांब गिरमिट आणि कापडी पिशव्यांचा गठ्ठा. एसटीच्या कंडक्टरनं गिरमिटाकडं बघून विचारलं, "विहीर खांदाय निघालाय का काय पाव्हणं?"

तुमच्यापैकी कुणाला हा रस्ता करायचा असेल तर जानेवारीत करा आणि सकाळची गाडी धरा. तेव्हा दोघांची तिकिटं आणि वाटेतली भजी दहाच्या नोटेत बसली होती, आताचं मला विचारू नका. मंगळवेढ्याच्या आसपास नजर पोचेल तिथवर काळी जमीन आणि कमरेएवढी ज्वारी, सावलीला एक झाड नाही. पुढं माती फिकट होत जाते, मग तांबूस, मग नुसता मुरूम, आणि माळ सुरू होतो. माळावर पिवळं वाळलेलं कुसळी गवत. त्याची टोकं साडीच्या काठात अशी घुसतात की रात्रभर बसून काढावी लागतात. नवीन साडी नेसू नका. मी नेसले होते.

सांगोल्यापासून बैलगाडीनं दोन तास गेल्यावर ते गाव लागलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचा मुक्काम सरपंचांकडे होता. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार असं जेवण झालं, आणि अण्णांनी कामाचं बोलणं काढलं. गावच्या माळातून एक ओढा माण नदीला जातो. त्याच्या काठाला चराऊ जमिनीची लांबलचक पट्टी होती. ती नांगरून ज्वारी करावी, असं गावाच्या मनात होतं. जमीन त्या लायकीची आहे का, एवढं यांनी सांगायचं होतं.

अण्णा काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "दुस्काळात आमची मान्सं खडी फोडाय गेली, सायेब. चार पोती ज्वारी जास्त झाली तर कुनाला नको हाय? तुमी व्हय म्हनला, की होळीनंतर नांगर घालतो."

दुपारी आम्ही ओढ्यावर गेलो. माळाच्या खडखडाटातून उतरून त्या पट्टीवर पाय टाकला आणि मला चप्पल काढावीशी वाटली. माती इतकी मऊ. वरचा माळ वाळून कोळ झालेला, आणि इथं गवताच्या बुडख्यांत अजून ओल. हे खुशीत समजावू लागले. पुराच्या पाण्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेला हा गाळ. यात वाळू, पिठासारखा बारीक पोयटा आणि चिकणमाती बेतानं मिसळलेली असते, म्हणून पाणी मुरतंही आणि टिकतंही. एका मोकळ्या सपाट जागी त्यांनी गिरमिट फिरवलं. काळसर, भुसभुशीत माती वर आली. थोडं पाणी घालून त्यांनी ती अंगठा आणि बोटाच्या मधे दाबली, तर छोटीशी पट्टी निघाली आणि मोडली. "बघ, ना फार चिकट, ना नुसती वाळू. आणि खत तर काय भरलंय!" तिथल्याच आसपासच्या पाच पिशव्या भरून झाल्या. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी अण्णांना सांगूनही टाकलं, "सोनं आहे. खुशाल नांगरा." अण्णांनी कुणाला तरी लगेच पेढे आणायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी हे नकाशा काढत बसले आणि मी एकटीच ओढ्याकडं फिरायला गेले. तिथं भागूबाई भेटली. धनगराची बायको, माझ्याच वयाची, पोट चांगलं पुढं आलेलं. तिचा नवरा मेंढरं घेऊन पलीकडं होता. तिनं तीन दगडांवर शेळीच्या दुधाचा चहा केला. मला वाटलं होतं वास येईल. दोन कप प्याले.

"नांगर घालनार म्हनं हितं," ती म्हणाली. "खरं हाय का वो ताई?"

मी होकाराची मान हलवली.

"मग आमाला होळीलाच मेंढरं घिऊन भाईर पडाय लागंल. ही पट्टी चैत-वैशाखापतोर मेंढरास्नी पुरतीया, म्हनून आमी घरला ऱ्हातो." तिनं दगडांमधे एक काटकी सारली. "आदीची दोन पोरं वाटंवरच झाली. एक गेलं. हे तरी घरात व्हावं म्हनत हुते."

माझ्या लग्नाला तेव्हा दोनच महिने झालेले. मी उगीच म्हणाले, "पण माती लई चांगली आहे म्हणे." आदल्या दिवसाची जागाही दाखवली.

भागूबाई हसलीच. "तितं व्हय? तितं आमी वाघर लावतो की! चार सालं झाली, थंडीत रातच्याला मेंढरं तितंच बसत्यात. चांगली न्हाय तर काय हुईल!" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं.

मी तशीच परत निघाले. अडत्याच्या पोरीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माझे वडील पोत्याच्या तोंडचे दाणे बघून कधी सौदा करत नसत. टोकदार लोखंडी नळी पोत्यात तीन ठिकाणी खुपसून आतला माल हातावर घ्यायचे. आणि आमच्या साहेबांनी पाचही पिशव्या पोत्याच्या तोंडाशीच भरल्या होत्या.

"अहो, ती जागा मेंढरं बसायची आहे," मी सांगितलं. "खत त्यांचं आहे, जमिनीचं नाही."

"तुला आता मातीतलंही कळायला लागलं?"

"मातीतलं नाही. पोत्यातलं कळतं."

कान लाल झाले त्यांचे. पेढे वाटून झाले होते हो! तासभर नकाशावर रेघा ओढत बसले. मग फावडं उचललं आणि म्हणाले, "चल. कुठं कुठं खणायचं, तूच दाखव."

ऊन कलेपर्यंत आम्ही लांब लांब सहा खड्डे घेतले, दोन मी खणले. आत बघितलं तर वर वीतभर पोयटा, खाली वाळूचा थर, पुन्हा पोयटा, पुन्हा वाळू, जसे पूर आले तसे. त्याखाली चुनखडीचे खडे. माती चांगलीच होती, पण वीतभर, आणि तिला धरून ठेवलं होतं गवताच्या मुळांनी. खालच्या अंगाला एकानं आपला असाच गाळाचा तुकडा चार वर्षांपूर्वी नांगरला होता. ओढ्यानं त्याचा अर्धा काठ नेला होता आणि उरलेल्यात वाळू वर आली होती. यांनी तिथलं एक ढेकूळ उचलून पिशवीत घातलं.

संध्याकाळी त्यांनी अण्णांकडून पाहुण्यांसाठीचे दोन काचेचे पेले मागून घेतले आणि पाणी भरून ओसरीवर ठेवले. एकात गवताच्या मुळांचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्या नांगरलेल्या तुकड्यातलं. नांगरटीचं ढेकूळ बघता बघता विरघळून तळाशी बसलं, पाणी गढूळ. मुळांचं तसंच्या तसं राहिलं.

"अण्णा, काल मी चुकीचं सांगितलं," हे म्हणाले. "मी मेंढरांच्या बसायच्या जागेची माती घेतली होती. माझ्या बायकोनं चूक दाखवली."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला, की आजही लिहिताना वाटतोय.

अण्णांनी गढूळ पेला उचलून उजेडात धरला. "म्हंजी नांगरली तर वढ्यात जानार म्हना की."

"काठाची जाईल. वर माळाला लागून थोडी सपाट जमीन आहे, तिथं बांध घालून ज्वारी होईल. काठाला गवत राहू द्या."

"गावाला सांगाय लागंल. पेढं खाल्ल्यात लोकांनी," अण्णा म्हणाले. मग स्वतःच हसायला लागले. "बगतो."

त्या 'बगतो'वर भरवसा ठेवावा की नाही, हे परतीच्या गाडीत आम्हाला ठरवता येईना. निघताना मी भागूबाईला शब्द दिला नव्हता, देण्यासारखा हातात नव्हताच. तिचं घरातल्या बाळंतपणाचं मात्र यांच्या आणि अण्णांच्या कानावर घातलं होतं. सोलापूरला आलो, यांनी अहवाल लिहिला, मी साडीतली उरलेली कुसळं काढली. होळी आली आणि गेली. गावाकडून काही कळलं नाही.

लोक विचारतात, तिथं बघायला काय आहे? देऊळ नाही, किल्ला नाही. माळ आहे, आणि मधून जाणारी मऊ मातीची पट्टी. अनवाणी चाला, एवढंच सांगते. मला महाबळेश्वर पुढं तीनदा घडलं, त्यातलं फारसं काही आठवत नाही.

वैशाखात पोस्टकार्ड आलं. अण्णांचं वाकडंतिकडं अक्षर: "वरच्या अंगाला बांध घातला. काठाचं गवत हाय तसं हाय. धनगराच्या भागूस मुलगी झाली. घरात झाली." हे मोठ्यानं वाचत होते. शेवटचे दोन शब्द दोनदा वाचले आणि कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुढचं तू वाच." पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.