तिनं सोडलेला नंबर

देव्हाऱ्यातली अंबामाय माझ्याकडे पाहत नाही, असं मला त्या वर्षी वाटू लागलं होतं. लॉकडाऊनच्या सुरुवातीला, अंजनगावच्या आमच्या घरी, भाजी फोडणीला टाकताना माझ्या पदरानं पेट घेतला. नायलॉनची साडी होती. गळा, छाती आणि उजवा खांदा भाजला. अमरावतीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण जखमेवर मांडीची कातडी लावायची वेळ आली तेव्हा जळितांचा वॉर्ड कोरोनाच्या रुग्णांसाठी रिकामा करायला घेतला होता. जिवावर बेतलेली ऑपरेशनं तेवढी सुरू होती, आमच्यासारख्यांची पुढे ढकलली. डॉक्टरांचाही नाइलाज होता. ड्रेसिंगचं सामान देऊन त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

घरी यजमान ड्रेसिंग करत. शेतातून आले की हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून बसत. जखम भरत गेली तशी कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली जाऊ लागली. पुढे पुढे तर मला समोरच्या माणसाचे पायच दिसायचे. पाणी प्यायले तर ओठांच्या कडेनं गळायचं. आमचा देव्हारा भिंतीवर उंच आहे. दिवा लावणं यजमानांकडे गेलं. मी खाली बसून नाव घ्यायची, पण मन लागत नव्हतं. माय, माझा नंबर लागू दे, एवढंच मागणं असायचं.

अकोल्याला अशी ऑपरेशनं थोडीथोडी पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा आम्ही गेलो. कोरोनाची तपासणी झाली, भरती झाले. शेजारच्या खाटेवर नसीमबी होत्या. अकोल्याच्याच, बायकांना बांगड्या भरायचा त्यांचा धंदा. स्टोव्हच्या भडक्यात उजवा हात भाजून त्यांची बोटं तळव्याकडे मुडपली होती. माझ्यासारख्याच त्याही कधीच्या थांबलेल्या. त्यांचा नंबर आधी होता, माझा त्यांच्यानंतर.

सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. भूल देणाऱ्या दोघांपैकी एक डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले होते. आज एकच ऑपरेशन होईल आणि पुढचं कधी ते सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, की माझा गळा आणखी आखडला तर भुलेची नळी घालणंही अवघड होईल. पण नसीमबीही तितक्याच थांबलेल्या, त्यांना मागं कसं सारायचं, असंही त्या म्हणाल्या. मला सगळं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून घेतले. कोणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ते नसीमबींनाही ऐकू आलं असावं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पयले यांले घ्या. मी डाव्या हातानं जेवून राहिली. यांले तर पाणीबी नीट पेता येत नाई."

उशीर झाला तर बोटं पूर्ण उघडणार नाहीत, हे मॅडमनी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. त्या ऐकत राहिल्या आणि तेच म्हणाल्या. मी विचारलं, "नसीमबी, काहून करता असं?"

त्या उठून माझ्या खाटेशी आल्या आणि माझ्या नजरेत याव्यात म्हणून चक्क फरशीवर बसल्या. "कालपासून तुमी कोनाचं तोंड पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "अल्लानं मले ते दाखवलं. मंग मी नाई कशी म्हनू?"

इतक्या दिवसांत माझ्याकडे खालून वर पाहणारा तो पहिला चेहरा. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत मला माझी अंबामाय दिसली. याहून जास्त मला सांगता येत नाही.

माझं ऑपरेशन झालं. कातडी धरली. कितीतरी दिवस गळ्याला पट्टा होता, पण मान उठली. पुढे कोरोना पुन्हा वाढला, ऑपरेशनं पुन्हा थांबली आणि नसीमबींचा नंबर लागायला फार उशीर झाला. त्यांची तीन बोटं उघडली, दोन तशीच राहिली. आता त्या बांगडी डाव्या हातानं सरकवतात. वेळ लागतो, गिऱ्हाईक थांबतं. अकोल्याला गेले की मी त्यांच्याकडेच बांगड्या भरते. त्या माझा हात दाबत दाबत नातवंडांच्या गोष्टी सांगतात, त्या सकाळचं नाव काढत नाहीत.

माझी मान उठावी म्हणून त्यांची बोटं का राहावीत, हे मी मायला खूप वेळा विचारलं. उत्तर मिळालेलं नाही. पूर्वी मी तिच्याकडे नंबर मागायची, तो तिनं कोणाच्या तरी हातातून काढून मला दिला. तेव्हापासून मागायला जीभ उचलत नाही. दिवा लावते, नसीमबींचं नाव घेते आणि पुढचं तिच्यावर सोडून उठते.