कोरडा काप

मी विद्यापीठात कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी पापुद्र्यांनी माझ्या टकलावर दोन टिचक्या मारल्या, कान लावून नाद ऐकला आणि जाहीर केलं, "पोकळ आहे. कापताना तुटेल." मी जीव मुठीत धरून टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो. नंतर कळलं, समोर येईल ती वस्तू कुठून कापावी, एवढंच हा माणूस पाहतो. भूशास्त्र विभागात ते दगड कापायचे. काप घासून घासून इतका पातळ करायचे, की उजेड आरपार जावा. म्हणून नाव पापुद्रे. खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

मग बाईंचे, म्हणजे विभागप्रमुखांचे दगड आले. मंगळावर एके काळी तळी होती, ती आटली आणि तळाशी क्षार उरले, असं त्यांचं म्हणणं. यानाने पाठवलेल्या नोंदी ताडून पाहायला त्यांनी पृथ्वीवरच्या आटलेल्या तळ्यांतले तीनशे दगड जमवले. क्षारांनी घट्ट धरलेली वाळू, दुसरं काही नाही. एरवी पापुद्रे करवतीवर पाण्याची धार सोडत, धूळ उडत नसे. पण हे क्षार विरघळणारे. पाण्याचा पुरावा पाण्यानेच धुऊन जायचा! तेल लावलं तर नोंदी बिघडायच्या. राहिलं कोरडं कापणं.

"धूळ ओढणारा पंखा मंजूर होतोय. तोवर रुमाल बांधा," बाई म्हणाल्या.

रुमाल बांधला की चष्म्यावर वाफ धरायची, आणि पापुद्र्यांना केसाएवढी चूक खपत नसे. रुमाल गळ्यात आला.

वर्षभरात ते जिन्यात मध्येच टेकू लागले. एकदा त्यांची बायको डबा घेऊन आली, ती थेट करवतीपुढेच उभी राहिली.

"अहो, बस झालं. दुसरं कुणी कापेल."

"कोण? हा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याला पाव सरळ कापता येत नाही."

"मंगळावर पाणी होतं की नव्हतं, आपल्याला काय करायचंय? आपल्या नळाला येतंय ना?"

"चाळीसच राहिलेत गं."

"आणि तुम्ही किती राहिलात?"

पापुद्रे हसायला गेले आणि खोकतच बसले.

एक्स-रेत छातीभर पांढरे ठिपके निघाले, दगडाच्या धुळीचे. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. "काप मात्र सुरेख घेतलाय," मला म्हणाले, "उजेड कसा येतोय बघ." मग ती पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

तीनशेही काप पुरे झाले. बाईंच्या नोंदी जुळल्या. पापुद्रे पुढे पाच महिने प्राणवायूच्या नळीवर होते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण न्यूमोनिया असं लिहिलं आहे.